ढगातले बिऱ्हाड

आमच्या घरात या घडीला ४१,८०० फोटो आहेत. त्यांपैकी भिंतीवर चार. बाकीचे कुठे ठेवले आहेत, असे कोणी विचारले की आमचे हे खिडकीबाहेर वर बोट दाखवतात आणि गंभीरपणे म्हणतात, “ढगात!” पाहुण्यांना हसू येते. मला येत नाही. मी ३४ वर्षे मुलींना भूगोल शिकवला. ढगात पाण्याचे थेंब असतात, फार उंचावरच्या ढगात बर्फाचे कण असतात, हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले आहे की त्याच ढगात आता माझ्या नणंदेचे केळवण आणि नातवाचे जावळ राहायला गेले आहे, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

एवढे फोटो आले कुठून, याचा हिशेब मात्र मला देता येईल. आमचे लग्न १९७५ सालचे. पुढच्याच वर्षी ह्यांनी अॅग्फा क्लिक थ्री विकत घेतला. बडोद्याला बनणारा तो काळा, खोक्यासारखा कॅमेरा तेव्हा पुष्कळ घरांत असे. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी आणि काळेपांढरे. बारा म्हणजे बारा! हे मिलिटरी अकौंट्समध्ये नोकरीला. सरकारचा पैसा जपायची सवय लागलेली, तीच त्यांनी रोललाही लावली. हरिहरेश्वरच्या सहलीत तीन दिवसांत नऊ फोटो काढून झाले आणि उरलेले तीन घरी सत्यनारायणाला लागतील म्हणून परत आणले. समोर सूर्य समुद्रात बुडतो आहे, मी पदर सावरून उभी आहे, आणि हे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतला आकडा पाहून म्हणताहेत, “राहू दे आता.” तो सूर्यास्त मला आजही जसाच्या तसा दिसतो. काढला असता तर कदाचित दिसला नसता.

त्या कॅमेऱ्यापासून २००३ पर्यंत, म्हणजे २७ वर्षांत, आमच्याकडे २,३०० फोटो जमले. २००४ साली डिजिटल कॅमेरा आला, पुढे फोन आले, आणि ह्यांच्यातला हिशेबनीस एकाएकी सेवानिवृत्त झाला. रोल संपत नाही, धुलाईचे पैसे पडत नाहीत, मग हात आखडता कशाला? नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे १,१४० फोटो आहेत. त्यांत केकवरची मेणबत्ती विझण्यापूर्वीची, विझतानाची आणि विझल्यानंतरची अशा सुमारे साठ अवस्था आहेत. पोराचा चेहरा मात्र एकातच धड आला आहे. बाकी सगळ्यांत तो हलतो आहे, जसे त्या वयाच्या मुलाने हलावे.

एके दिवशी ह्यांच्या फोनने जाहीर केले की, आता जागा शिल्लक नाही. त्या सुमारास संगणकही गुरगुरू लागला होता, आणि २००४-०५ साली मोठ्या हौसेने भरून ठेवलेल्या सीडींपैकी चार तर यंत्राला वाचताच येईनात. ठाण्याहून आमचा मुलगा आला. त्याने सगळे पाहिले आणि म्हणाला, “बाबा, हे सगळं क्लाउडवर टाका. घर जळलं, बुडलं, चोरी झाली, तरी फोटो राहतील.”

“क्लाउड म्हणजे नेमके कुठे?” मी विचारले.

“कुठे म्हणजे, आई, नेटवर.”

“नेटवर म्हणजे कोणत्या गावी?”

मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. पण भूगोलाच्या बाईला गाव कळल्याशिवाय चैन पडत नाही. मग शोधले तेव्हा कळले की हा ढग भक्कम जमिनीवर असतो. ऐरोली, महापे, पनवेल या बाजूला मोठमोठ्या इमारती आहेत. आत माणसे थोडी आणि यंत्रे हजारो. ती तापू नयेत म्हणून रात्रंदिवस गारवा सोडलेला, आणि वीज गेली तर पर्याय म्हणून जनित्रे तयार. अशाच इमारती सिंगापूरला, आयर्लंडला, अमेरिकेत. समुद्राच्या तळाशी घातलेल्या केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याशी वर येतात, आणि त्यांतून ही सगळी ये-जा चालते. आमची मेणबत्ती यांपैकी कोणत्या गावी विझते आहे, ते कंपनी सांगत नाही. एकाच गावी नाही, एवढे सांगते; एकेका फोटोच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात म्हणे.

हे ऐकल्यावर मला एकदम उलगडा झाला. मी मुलाला म्हटले, “अरे, म्हणजे हे दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड करणे झाले!”

“तसंच म्हण.”

“मग घरमालक कसा आहे?”

यावर त्याने घड्याळात पाहिले आणि त्याची ठाण्याची गाडी निघायची वेळ झाली.

बिऱ्हाड हलवायला लागलेल्या अकरा रात्रींविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. ह्यांनी आधी वहीत हिशेब मांडला. फोटोंचे १६८ जीबी, चित्रफितींचे १५२, एकूण ३२० जीबी. आमच्या जोडणीचा सामान वर पाठवायचा वेग सेकंदाला २० मेगाबिट. आता यातला बिट निराळा आणि फोटोच्या वजनातला बाइट निराळा. आठ बिटांचा एक बाइट. हे जो विसरतो त्याचा हिशेब आठपट चुकतो. ह्यांचा अर्थातच चुकला नाही. सेकंदाला अडीच मेगाबाइट, तासाला नऊ जीबी, म्हणजे साडेपस्तीस तास. रोज रात्री सात तास यंत्र चालू ठेवले तर सहाव्या रात्री काम पुरे. प्रत्यक्षात दोनदा वीज गेली, एकदा रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली, आणि एका रात्री यंत्र स्वतःच्याच सुधारणेसाठी मध्येच बंद होऊन बसले. असे करत अकरा रात्री.

पण त्या रात्री मजेच्या गेल्या! पडद्यावर एकेक फोटो क्षणभर चमकायचा आणि जायचा. बारशामागून बारसे, मध्येच सासूबाई, मग गॅसच्या मीटरचा आकडा, मग १९८८ ची वैष्णोदेवी, मग एका गोळीचे पाकीट. फोटो म्हणून आपण काय काय साठवून ठेवतो, ते तेव्हा समजले. किराण्याच्या याद्या होत्या, गाडी कुठे लावली याची आठवण म्हणून काढलेले खांब होते, आणि निरनिराळ्या फुलांवर लिहिलेली ‘सुप्रभात’ तर किती होती, देव जाणे! मी म्हटले, “अहो, निदान ही सुप्रभाते तरी गाळा.” हे म्हणाले, “अग, गाळायला बसलो तर हलवायचे राहून जाईल.” घर बदलताना दरवेळी हेच म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे १९८१ सालचा एक बिघडलेला स्टोव्ह अजून आहे.

अकराव्या रात्री दीड वाजता शेवटचा फोटो वर गेला. ह्यांनी मला उठवून ते सांगितले.

घरमालकाचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. मी पुण्यात वाड्यात वाढलेली. भाडेकरूला काय काय सोसावे लागते ते ठाऊक आहे, आणि घरमालकालाही काय सोसावे लागते ते ठाऊक आहे. या नव्या वाड्यांचा इतिहास पाहू लागले तर सगळी ओळखीचीच वळणे दिसली. ऑर्कुट नावाच्या वाड्यात एके काळी आपल्याकडची सगळी कॉलेजातली पोरे राहत होती. ३० सप्टेंबर २०१४ ला तो बंद झाला. नोटीस मिळाली होती, सामान हलवायला मुदतही मिळाली होती. ज्यांनी नोटीस वाचली त्यांनी हलवले. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली. एक टेराबाइट म्हणजे आमच्यासारखी तीन बिऱ्हाडे! २०१८ साली वाडा दुसऱ्या मालकाने घेतला. त्याने सांगितले, फुकट राहणाऱ्यांनी हजार फोटो ठेवावेत, अधिकचे २०१९ पासून काढून टाकू. गूगलने २०१५ साली फोटोंसाठी, थोडे आकसून ठेवायच्या अटीवर, हवी तेवढी जागा फुकट दिली आणि १ जून २०२१ पासून ती थांबवली. तेव्हापासून नव्या फोटोंना १५ जीबीपुढे भाडे. आणि वाडे जळतातही. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीची यंत्रांनी भरलेली पाच मजली इमारत जळून गेली. ज्या गिऱ्हाइकांची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यांचे जे गेले ते गेले.

यात मी कोणाला दोष देत नाही. फुकट जागा कोणी का द्यावी, आणि दिली तर किती दिवस द्यावी? आम्ही आता महिना भाडे भरतो, आणि ते जाचत नाही. मला खटकते ते निराळेच. या वाड्यांत प्रत आणि प्रतिबिंब यांची फार गल्लत होते. आमच्या शेजारणीच्या फोनची जागा भरली. तिला वाटले, फोटो वर गेलेलेच आहेत, तर खालचे पुसावेत. तिने पुसले, वरचेही गेले. तिच्या फोनमधली सोय ही प्रत ठेवण्याची नव्हतीच, ती दोन्हीकडे एकसारखे ठेवण्याची होती. खाली जे कराल ते वर होणार. आरशातले दागिने चोराने नेले नाहीत म्हणून कोणी निर्धास्त राहते का? सुदैवाने पुसलेले फोटो या मंडळींकडे काही दिवस टोपलीत पडून असतात, कुठे तीस दिवस, कुठे साठ. तिला ते अठ्ठाविसाव्या दिवशी कळले.

प्रत म्हणजे काय, हे मला नवव्या वर्षी कळले. १२ जुलै १९६१. पुण्यात त्या दिवसाची तारीख सांगावी लागत नाही, पण हा अंक पुण्याबाहेरही जातो. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आम्ही नारायण पेठेत राहत होतो. माझा थोरला भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने मला खांद्यावर घेतले आणि आम्ही सगळे पर्वतीच्या बाजूला पळालो. माती-विटांचा आमचा वाडा संध्याकाळपर्यंत बसला.

चार दिवसांनी चिखलातून आईची ट्रंक निघाली. भांडी निघाली, पितळी डबा निघाला, लुगडी धुऊन नेसण्याजोगी झाली. तळाशी तिचे फोटो होते. ते एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि विरघळू लागतो. आई एका पडवीत बसून एकेक फोटो सोडवू लागली. कागद सुटे, पण चेहरा दुसऱ्या कागदाच्या पाठीला लागून येई. त्यांत तिच्या लग्नाचा, १९४३ सालचा, सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो होता. त्यात तिचे वडील होते. तिच्या वडिलांचा दुसरा फोटो जगात नव्हता. वाडा पडला तेव्हा आई रडली नव्हती, तेव्हा रडली.

नागपूरला माझी मावशी होती. तिला पत्र गेले. तिच्याकडे तोच फोटो होता, भिंतीवर लावलेला. आई म्हणाली, पाठवून दे. मावशी मोठी हुशार बाई. तिने फोटो पाठवला नाही. सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत नेऊन तिने फोटोवरून फोटो काढून घेतला, आणि ती नवी प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून रजिस्टर टपालाने पाठवली. पत्रात लिहिले होते की मूळ फोटो इथेच राहील, वाटेत काही झाले तर पुन्हा कुठून आणायचा? आमच्या भिंतीवर जे चार फोटो आहेत, त्यांतला एक तो. जरा पुसट आहे, पण आजोबांच्या पगडीची घडीही दिसते.

या व्यवहाराला आता शास्त्र आले आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ सालच्या आपल्या पुस्तकातून एक नियम रूढ केला: वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. आमच्या मुलाने हे मला नवे ज्ञान म्हणून सांगितले, तेव्हा मला मावशीच आठवली. आता आमचेही तसेच आहे. एक प्रत ढगात. एक हार्ड डिस्कवर, कपाटात. आणि दुसरी हार्ड डिस्क मुलाकडे, ठाण्याला. दर दिवाळीला तो येताना ती आणतो आणि नवीन फोटो भरून परत नेतो. या डिस्कही जन्माला पुरत नाहीत, चार-पाच वर्षांनी बदललेल्या बऱ्या. फराळाच्या डब्यांबरोबर तिचा डबा मी आधी भरते, कारण चिवड्याच्या गडबडीत ती राहून जायची.

ज्या दादाने मला खांद्यावरून नेले, तो मार्च २०२२ मध्ये गेला. सकाळी फिरून आला, छातीत दुखते म्हणाला, आणि दुपारी नव्हता. वीज मंडळातला इंजिनिअर, गडकोटांचा नादी. त्याचे सगळे फोटो एका कंपनीकडे वर होते, व्यवस्थित, वर्षवार, किल्लेवार. आमच्यापेक्षा कितीतरी नेटके. त्याने घरी डिस्क ठेवली नव्हती. पासवर्ड त्याच्या डोक्यात होता. फोन त्याच्या अंगठ्याने उघडत असे.

वहिनींना सगळे फोटो नको होते. २०१९ च्या कोजागिरीला गच्चीवर दादाने नातवंडांना पानशेतची गोष्ट सांगितली होती. तीन मिनिटांची ती चित्रफीत त्यांना हवी होती. “वन्सं, मला त्यांचा आवाज ऐकायचाय हो,” एवढेच त्या म्हणत.

कंपनीला लिहिले. उत्तर आले, फार सभ्य. आमच्या दुःखात त्या मंडळींनी सहभाग दाखवला आणि कागद मागितले. मृत्यूचा दाखला पाठवला. त्याचे इंग्रजी भाषांतर मागितले, ते पाठवले. वारसाचा पुरावा पाठवला. मग न्यायालयाचा आदेश मागितला. वकिलांनी जी रक्कम सांगितली ती ऐकून वहिनी गप्प बसल्या. शेवटी कळले की खातेदाराचा खाजगीपणा त्याच्या मागेही जपण्याचे कंपनीचे धोरण आहे. ते धोरण वाईट आहे असे मला म्हणवत नाही. उद्या कोणीही उठून माझी पत्रे मागितली तर? पण वहिनी त्याच्याबरोबर पन्नास वर्षे राहिल्या होत्या, आणि त्या करारात बसत नव्हत्या. त्याच करारात असेही एक कलम होते की ठरावीक मुदत खाते वापरले गेले नाही तर ते पुसले जाईल. म्हणजे वहिनी कुठेतरी ठेवलेल्या त्या तीन मिनिटांची वाट पाहत होत्या, आणि तिकडे त्यांच्यासाठी दिवस मोजले जात होते.

मग आमच्या ह्यांनी एक सरळ गोष्ट केली. दादा हौसेने ज्यांना ज्यांना फोटो पाठवत असे, त्या सगळ्यांची यादी केली आणि प्रत्येकाला फोन केला. पुतणे, भाचे, ऑफिसातले, गडावरचे. काहींनी फोन बदलले होते, काहींनी जागेसाठी सगळे पुसले होते. पण दोन महिन्यांत २,९०० फोटो परत आले. एकेकाचे पाच-पाच तुकडे, लहान झालेले, कारण पाठवताना फोन त्यांचे वजन कमी करतो. आणि कोजागिरीची ती चित्रफीत मिळाली एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. ते दादाबरोबर राजगड-तोरण्याला जात. त्यांचा तो फोन पडद्याला तडा गेल्यामुळे फडताळात पडून होता, आणि ‘कधीतरी दुरुस्त करू’ म्हणून टाकला नव्हता. चित्र इतके धूसर की गच्ची आहे की तळे, कळू नये. आवाज मात्र स्वच्छ. “...आणि ही तुमची आत्याआजी, हिने माझे कान असे गच्च धरले होते, की पाणी येतंय की कान उपटतायत, मला कळेना!” वहिनींनी ते एकदा ऐकले, फोन उलटा ठेवला, आणि आत जाऊन दुधाला विरजण लावले. मग पुन्हा बाहेर येऊन ऐकले.

त्या रात्री ह्यांनी आमच्या लाल वहीत, विम्याच्या आकड्यांखाली, सगळे पासवर्ड लिहून काढले. लिहून ठेवू नयेत असे तज्ज्ञ सांगतात. हे म्हणाले, “तज्ज्ञांना वहिनी भेटलेल्या नाहीत.” शिवाय या कंपन्यांनीही आता सोय केली आहे. आपण गेल्यावर किंवा खाते बरेच दिवस निपचित पडल्यावर किल्ली कोणाला द्यायची, ते आधीच लिहून ठेवता येते. गूगलमध्ये २०१३ पासून, अॅपलमध्ये २०२१ च्या अखेरीपासून. आम्ही मुलाचे नाव घातले. दहा मिनिटांचे काम. दिवाळीत माळा साफ करताना जुना आल्बम हाती येतो आणि घरातली सगळी कामे टाकून मंडळी त्याभोवती बसतात. त्या बैठकीतली दहा मिनिटे कोणी या कामाला दिली तर त्या घरच्या वहिनींवर उपकार होतील.

आता दुपारचा चहा झाला की आम्ही दोघे नावे घालायला बसतो. फोटो वर आहेत, पण ते कोणाचे, हे ढगाला कुठे ठाऊक आहे? एका फोटोत जिन्यावर उभी असलेली निळ्या लुगड्यातली बाई कोण, यावर आमचे तीन दिवस एकमत नव्हते. शेवटी साताऱ्याच्या आतेसासूबाईंना फोन केला. त्यांचे वय ९१. त्या म्हणाल्या, “अग, मीच ती.” आणखी दहा वर्षांनी ही चौकशी कोणाकडे करणार?

तारखांचाही मोठा घोळ आहे. जुने फोटो ह्यांनी २०१९ साली यंत्रावर उतरवून घेतले, म्हणून यंत्राच्या लेखी ते सगळे २०१९ चे. त्याच्या हिशेबाने माझ्या आईचे लग्न तिच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी लागले, आणि पगडी घातलेले आजोबा नातवाच्या मुंजीच्याच आठवड्यात हजर होते. एकेक तारीख आम्ही दुरुस्त करतो. दिवसाला चाळीस फोटो होतात. ह्यांनी हिशेब करून सांगितले की, याच वेगाने १,०४५ दिवस लागतील. मी म्हटले, “सुप्रभाते गाळली असती तर?” त्यावर ह्यांनी चष्मा पुसला.

चेहरे मात्र यंत्र स्वतःच ओळखू पाहते. एकाच माणसाचे फोटो शोधून त्यांचा ढीग करते, आणि शंका आली तर विचारते. गेल्या आठवड्यात त्याने दोन चेहरे शेजारी शेजारी मांडले. डावीकडे मी, गेल्या पाडव्याची. उजवीकडे आई, १९९१ साली ह्यांनीच गच्चीत काढलेली. खाली प्रश्न होता: ही एकच व्यक्ती आहे का?

ह्यांचे बोट ‘नाही’कडे निघाले होते. मी म्हटले, “अहो, थांबा जरा.” आम्ही दोघे बराच वेळ त्या दोन चेहऱ्यांकडे पाहत राहिलो. मला आधी कधी न दिसलेली तिची हनुवटी माझ्याकडे आली होती.

“काय सांगू त्याला?” ह्यांनी विचारले.

“आज राहू दे,” मी म्हटले, आणि पुन्हा थोडा चहा टाकायला उठले.